चव्हाट्यावरचा रेणू

चाळीस वर्षांच्या वैद्यकीत मला सर्वांत जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न औषधाचा नाही. तो असा : "डॉक्टर, एकाच आईबापाची दोन मुले, एकाच घरात वाढली, एकाच ताटात जेवली, मग एक असा आणि दुसरा तसा का?" विचारणारी आई बहुधा त्या 'तसा' असलेल्या मुलाचा हात धरून बसलेली असते. मी हसून "व्यक्ती तितक्या प्रकृती" एवढेच म्हणत असे आणि पुड्या बांधायला घेत असे. त्या तीन शब्दांआड काय दडले आहे, याचा मी स्वतः कधी नीट विचार केला नव्हता.

दोन दिवाळ्यांपूर्वी जैवभौतिकी शिकणारी माझी पुतणी बेळगावला आली होती. फराळ झाल्यावर तिने मला एक आलेख दाखवला. एक रेघ वर जाई, थोडी थांबे, एकदम खाली येई, पुन्हा थांबे, पुन्हा वर. मधली पायरी कुठे नाहीच. ईसीजीच्या पट्ट्या पाहण्यात माझे आयुष्य गेले, म्हणून मी विचारले, "हृदय कोणाचे?" ती म्हणाली, "काका, हे हृदय नाही. हा डीएनएचा एक रेणू आहे. एकच. तो कूस बदलतो आहे."

त्या रेघेविषयी मी यंदाच्या व्याख्यानात बोललो. त्याचेच हे लिखित रूप. वाचताना हाताशी सुतळीचे दोन तुकडे असले तर बरे. विज्ञानाची याहून अधिक तयारी लागणार नाही.

सुतळी आणि चव्हाटा

आपली नेहमीची सुतळी दुपदरी असते. दोन पदर एकमेकांभोवती पीळ देऊन वळलेले असतात. डीएनए तसाच आहे. १९५३ साली जेम्स वॉटसन आणि फ्रान्सिस क्रिक यांनी त्याची दुपदरी पिळाची रचना मांडली. रोझलिंड फ्रँकलिन यांच्या प्रयोगशाळेतील क्ष-किरण छायाचित्रांचा त्याला मोठा आधार होता. पिळाची जाडी सुमारे २ नॅनोमीटर, म्हणजे मिलिमीटरच्या दहा लाख भागांपैकी दोन भाग. दोन पदरांना जोडणाऱ्या पायऱ्या शिडीसारख्या एकावर एक रचलेल्या असतात आणि दोन पायऱ्यांमध्ये ०.३४ नॅनोमीटरचे अंतर असते. साडेदहा पायऱ्यांत पिळाचा एक फेरा पुरा होतो.

आता सुतळीचे दोन तुकडे शेजारी ठेवा. प्रत्येकाचा मध्यावर थोडा पीळ उकला, प्रत्येकातला एक पदर कापा आणि कापलेली टोके आपल्या जागी न जोडता समोरच्या सुतळीत जोडा. आता दोन सुतळ्या वेगळ्या राहिल्या नाहीत. मध्ये एक गाठीसारखी जागा झाली आणि तिच्यातून दुपदरी अशा चार शाखा निघाल्या. चार रस्ते जिथे मिळतात त्या जागेला मराठीत चव्हाटा म्हणतात. आमच्या बेळगावात चव्हाट गल्लीच आहे, त्यामुळे आम्हाला हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. डीएनएमधल्या या चव्हाट्याला शास्त्रज्ञ हॉलिडे जोड म्हणतात.

हे हॉलिडे म्हणजे रॉबिन हॉलिडे हे ब्रिटिश आनुवंशशास्त्रज्ञ. ते मक्यावरच्या काणीच्या बुरशीवर काम करीत. ज्वारीवरची काणी आपल्याकडच्या शेतकऱ्याला माहीत आहे. कणसात दाण्याच्या जागी काळी भुकटी भरते. मक्याची काणी त्याच जातकुळीतली. अशा बुरशींमध्ये वारशाचा हिशेब उघड मांडता येतो. आईकडचा गुण आणि बापाकडचा गुण चार वारसांत दोन-दोन असा वाटला जावा, ही अपेक्षा. पण कधी कधी वाटणी तीन-एक अशी निघे. एकाचा वाटा दुसऱ्याच्या पदरात गेला कसा? १९६४ साली हॉलिडे यांनी उत्तर सुचवले. दोन सारख्या डीएनएंमध्ये एकेका पदराची अदलाबदल होते, मध्ये चव्हाटा तयार होतो, तो काही अंतर सरकतो आणि मग कापला जातो. सरकलेल्या भागात एक पदर आईकडचा आणि एक बापाकडचा असा जोड होतो. पेशी तिथली विसंगती दुरुस्त करते आणि त्या दुरुस्तीत एका बाजूचे पारडे जड होऊ शकते. त्या वेळी हा चव्हाटा कोणी पाहिला नव्हता. केवळ वाटणीच्या हिशेबावरून तो ओळखला गेला.

हा प्रकार बुरशीपुरता नाही. आपल्या बहुतेक पेशींत गुणसूत्रांच्या २३ जोड्या आहेत. आईच्या शरीरात बीजांड तयार होताना तिच्या आईकडून आलेले आणि तिच्या वडिलांकडून आलेले गुणसूत्र शेजारी येतात आणि तुकड्यांची अदलाबदल करतात. आजीच्या सुतळीचा तुकडा आजोबांच्या सुतळीला जोडला जातो. ही अदलाबदल दर वेळी नव्या ठिकाणी होते. एका आईची दोन मुले सारखी का नाहीत, याचे एक मोठे कारण या चव्हाट्यावर घडते.

चार रस्ते, दोन जोड्या

पेशीतला चव्हाटा एका जागी थांबत नाही. दोन्ही सुतळ्यांवरची अक्षरे सारखीच असल्याने एक पायरी इकडची सोडायची आणि तिकडची जोडायची, असे करत तो सरकत राहतो. सरकणाऱ्या वस्तूचे माप घेणे कठीण. अमेरिकेतील नेड्रियन सीमन यांनी १९८२ साली यावर उपाय मांडला. चारही शाखांवर अक्षरक्रम असे वेगवेगळे लिहायचे की सरकायला जुळणारी पुढची पायरीच मिळू नये. प्रयोगशाळेत जुळवलेल्या डीएनएच्या चार पदरांपासून असा न सरकणारा चव्हाटा पुढच्याच वर्षी त्यांच्या गटाने तयार केला. डीएनए वापरून सूक्ष्म चौकटी आणि पेट्या विणण्याची विद्या पुढे यातूनच वाढली.

आता प्रश्न आकाराचा. चार शाखा अधिक चिन्हासारख्या पसरतात की आणखी कशा? स्कॉटलंडमधील डंडी येथे डेव्हिड लिली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ आणि १९८९ साली याची उकल केली. द्रावणात मॅग्नेशियमसारखे धनभारित आयन नसतील तर शाखा अधिक चिन्हासारख्या चार कोपऱ्यांकडे पसरतात. कारण डीएनएच्या पदरांवर ऋणभार असतो आणि सारखे भार एकमेकांना दूर लोटतात. मॅग्नेशियम घातले की तो भार झाकला जातो आणि शाखा दोन-दोनच्या जोड्या करून एकीवर एक बसतात. एक सरळ दांडा, त्याला तिरका दुसरा दांडा, अशी फुलीची आकृती होते.

शाखांना उत्तर, पूर्व, दक्षिण, पश्चिम अशी नावे देऊ. जोडी शेजारणीशीच जमते. म्हणजे उत्तर-पूर्व आणि दक्षिण-पश्चिम अशी एक मांडणी, किंवा उत्तर-पश्चिम आणि दक्षिण-पूर्व अशी दुसरी. अक्षरक्रमानुसार कुठे पहिली मांडणी अधिक आढळे, कुठे दुसरी. मग शंका आली ती अशी. एखादा रेणू एकदा एका मांडणीत बसला की तसाच राहतो, की मांडणी बदलत राहतो? बदलत असेल तर किती वेळाने?

सरासरीचा पडदा

या प्रश्नाचे उत्तर तेव्हाच्या उपकरणांतून मिळणे शक्य नव्हते. त्याचे कारण सांगण्याआधी दोन आठवणी सांगतो.

माझ्या वडिलांचे रविवार पेठेत दुकान होते. ते दिवेलागणीआधी जेवण उरकून रोजमेळ घेऊन बसत. त्यात त्या दिवशीची प्रत्येक जमा आणि प्रत्येक नावे. महिन्याअखेर खतावणीत बेरजा जात. मी शाळकरी असताना एकदा म्हणालो, "खतावणीत सगळे येतेच, मग रोजमेळ कशाला?" त्यांनी एका गिऱ्हाइकाचे खाते उघडून दाखवले. महिन्याची बाकी शून्य. मग रोजमेळाची पाने उलटली. त्या गृहस्थाने महिन्यात सात वेळा उसनवार नेली होती आणि सात वेळा फेडली होती. शेजारचे दुसरे खाते, त्याचीही बाकी शून्य; तो महिनाभर दुकानात फिरकलाच नव्हता. वडील म्हणाले, "खतावणीला हे दोघे सारखेच."

दुसरी आठवण माझ्या चुकीची आहे. निवृत्त शिक्षिका असलेल्या एक बाई गुडघेदुखीसाठी माझ्याकडे येत. त्यांना मधुमेह होता. त्याचे इन्सुलिन दुसऱ्या डॉक्टरांकडे चालू होते. एकदा त्यांनी एचबीए१सीचा अहवाल दाखवला. ७ टक्के. ही तपासणी साधारण तीन महिन्यांच्या साखरेचा एकत्रित हिशेब देते. ७ टक्के म्हणजे सरासरी साखर सुमारे १५४. मी म्हणालो, "उत्तम आहे, बाई." त्या म्हणाल्या, "पण रात्री घामाने पातळ भिजते हो." ते मी वयावर ढकलले. पुढच्याच आठवड्यात पहाटे मुलाला त्या बेशुद्ध सापडल्या. त्यांची साखर दुपारी फार चढत होती आणि रात्री फार उतरत होती. दोन्हींची सरासरी काढली की चांगला आकडा येत होता. वेळेवर ग्लुकोज मिळाले आणि बाई वाचल्या. अहवाल खोटा नव्हता. त्याने ज्या प्रश्नाचे उत्तर दिले होते तो प्रश्न वेगळा होता, आणि बाई जे सांगत होत्या ते मी ऐकले नाही.

परीक्षानळीतल्या चव्हाट्यांची गत अशीच होती. डीएनएच्या एका नेहमीच्या पातळ द्रावणाचा एक मायक्रोलिटर, म्हणजे टाचणीच्या डोक्याएवढा थेंब घेतला, तरी त्यात सुमारे ६०,००० कोटी रेणू असू शकतात. त्यांतले काही या मांडणीत, काही त्या मांडणीत. उपकरण सर्वांची मिळून बाकी सांगते. रेणू क्षणाक्षणाला मांडणी बदलत असले तरी बाकी तीच आणि जन्मभर एकाच मांडणीत बसले असले तरी बाकी तीच. सगळ्यांना एकाच वेळी एका मांडणीत उभे करून मग सोडता आले असते तर बदलाचा वेग मोजता आला असता. पण या रेणूंना तशी कवायत करायला लावणे जमत नव्हते. मार्ग एकच उरला : एका रेणूचा रोजमेळ ठेवायचा.

दोन रंगांची मोजपट्टी

२ नॅनोमीटर जाडीची वस्तू साध्या सूक्ष्मदर्शकातून दिसत नाही. दृश्य प्रकाशाची लांबीच शेकडो नॅनोमीटर असते. म्हणून रेणूचा आकार पाहायचा नाही, त्याच्या दोन टोकांमधले अंतर मोजायचे, अशी युक्ती केली गेली.

सतार जवळून पाहिली असेल तर तरफेच्या तारा ठाऊक असतील. वरची तार छेडली की खाली बसवलेली तिच्याच सुराची तार कोणी हात न लावता झंकारते. काही रंगद्रव्यांच्या रेणूंत असेच घडते. एका रंगद्रव्यावर प्रकाश टाकला की ते उत्तेजित होते. जवळ योग्य असे दुसरे रंगद्रव्य असेल तर पहिले आपली ऊर्जा प्रकाश न फेकताच त्याला देऊन टाकते आणि उजेड दुसऱ्याचा पडतो. एकाला देणारा म्हणू, दुसऱ्याला घेणारा. देणाऱ्याचा उजेड हिरवा आणि घेणाऱ्याचा लाल असे धरू. दोघे जवळ असतील तर लाल अधिक दिसेल. दूर असतील तर हिरवा.

जर्मन शास्त्रज्ञ थिओडोर फॉर्स्टर यांनी १९४०च्या दशकात या देवघेवीचे गणित मांडले. ती अंतराच्या सहाव्या घाताने बदलते. एका ठरावीक अंतरावर निम्मी ऊर्जा पोचते. ते अंतर निम्मे केले तर सुमारे ९८ टक्के पोचते आणि दुप्पट केले तर जेमतेम दीड टक्का. नेहमीच्या रंगजोड्यांसाठी हे निम्म्याचे अंतर ५-६ नॅनोमीटर असते, म्हणजे नेमके डीएनएच्या चव्हाट्याच्या मापाचे. १९६७ साली स्ट्रायर आणि हॉगलंड यांनी ही देवघेव मोजपट्टी म्हणून वापरता येते हे दाखवले. लिली यांच्या १९८९च्या कामातही हीच पट्टी होती, पण ती कोट्यवधी रेणूंवर एकदम लावलेली होती.

एकट्या रेणूचा उजेड टिपणे हे १९८९पर्यंत स्वप्नच होते. त्या वर्षी विल्यम मर्नर यांनी अतिथंड स्फटिकात एका रेणूची खूण टिपली. २०१४च्या रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकात त्यांचा वाटा होता. १९९६ साली टेकजिप हा आणि सहकाऱ्यांनी रंगांच्या एका जोडीतली देवघेव नेहमीच्या तापमानात पाहिली. आता मोजपट्टी एका रेणूला लावता येणार होती.

प्रयोगाची मांडणी ऐकून मला आपल्या दवाखान्याची आठवण झाली. चव्हाट्याच्या एका शाखेला बायोटिन हे 'ब' गटातले जीवनसत्त्व जोडतात. काचेवर त्याला घट्ट धरणारे एक प्रथिन बसवतात. म्हणजे रेणू काचेला एका पायाने बांधला गेला, बाकीचे अंग पाण्यात मोकळे. रेणू काचेला इतरत्र चिकटू नयेत म्हणून तिच्यावर पॉलिएथिलीन ग्लायकॉलचा थर देतात. हाच पदार्थ आपण बद्धकोष्ठाच्या पुडीत देतो. प्रकाश काचेतून असा तिरका सोडतात की तो पूर्ण आंतरिक परावर्तनाने परत फिरतो आणि पाण्यात त्याचा अंश काचेलगतच्या १००-२०० नॅनोमीटरपर्यंतच पोचतो. त्यामुळे बांधलेले रेणू उजळतात आणि वरच्या पाण्याची लकाकी आड येत नाही.

प्राणवायूने रंग लवकर मरतात. म्हणून पाण्यात ग्लुकोज आणि ग्लुकोज ऑक्सिडेज घालून प्राणवायू संपवतात. घरच्या साखर तपासण्याच्या अनेक पट्ट्यांवर हेच विकर असते. पुढे रंगांची उघडझाप थांबवण्यासाठी 'ई' जीवनसत्त्वाच्या नात्यातले एक द्रव्यही वापरात आले. इतके करूनही रंग कधीतरी मरतोच. तो मंद होत होत विझत नाही, एका झटक्यात विझतो. हा झटकाच आपण एकच रेणू पाहत होतो याची साक्ष. अनेक रेणू असते तर उजेड पायरीपायरीने उतरला असता.

रेघेने सांगितलेली गोष्ट

२००३ साली शॉन मॅकिनी, अ‍ॅन-सेसिल देक्ले, डेव्हिड लिली आणि टेकजिप हा यांनी हा प्रयोग न सरकणाऱ्या चव्हाट्यावर केला. दोन शाखांच्या टोकांना दोन रंग. एका मांडणीत ती टोके जवळ, दुसऱ्या मांडणीत दूर. कॅमेरा एकेका ठिपक्याचा हिरवा-लाल हिशेब लिहीत राहिला. माझ्या पुतणीने दाखवली ती रेघ याच जातीची. चव्हाटा एका मांडणीत एका सेकंदाचा काही अंश थांबतो, उलटतो, पुन्हा थांबतो. त्याला कोणी ढकलत नाही, कोणते इंधन लागत नाही. भोवतीच्या पाण्याचे रेणू उष्णतेने जे धक्के देतात तेवढे पुरतात.

कधी उलटेल ते आधी सांगता येत नाही. पण एकेका रेणूची शेकडो उलटणी मोजली की सरासरी किती वेळ थांबतो हे ठरते. एका अक्षरक्रमाचा चव्हाटा दोन्ही मांडण्यांत जवळपास सारखा वेळ काढतो. दुसऱ्या अक्षरक्रमाचा एका मांडणीकडे झुकलेला असतो, तरी दुसरीकडे जाऊन येतोच. परीक्षानळीतला 'साठ-चाळीस' हा आकडा आता उलगडला. साठ रेणू इकडचे आणि चाळीस तिकडचे, असे नाही. प्रत्येक जण आपला साठ टक्के वेळ इकडे आणि चाळीस टक्के तिकडे घालवू शकतो.

मॅग्नेशियम वाढवले तेव्हा उलटण्याचा वेग कमी झाला. दोन मांडण्यांचे प्रमाण मात्र फारसे बदलले नाही. याचा अर्थ फुगडीवरून चांगला कळतो. चार मुली चौकात उभ्या आहेत. उत्तरेची आणि पूर्वेची मिळून एक फुगडी, दक्षिणेची आणि पश्चिमेची दुसरी. जोडीदारणी बदलायच्या तर चौघींना क्षणभर हात सोडावेच लागतात. त्या क्षणी चौघी मोकळ्या, म्हणजे अधिक चिन्हाची ती उघडी रचना. मॅग्नेशियम हातांची पकड घट्ट करते. पकड जितकी घट्ट तितका हात सुटण्याचा प्रसंग विरळा. पण पकड दोन्ही जोड्यांची सारखीच घट्ट होते, म्हणून कोणती जोडी किती वेळ, हे प्रमाण तसेच राहते. उघडी रचना त्या रेघेत वेगळी दिसली नाही. ती निसटती आहे. पण वेगाच्या हिशेबाने तिची वाट दाखवली.

चव्हाट्याचे सरकणेही याच उघड्या क्षणातून होते. म्हणून मॅग्नेशियम नसले की सरकणे सुमारे हजारपट वेगाने होते, असे १९९४ साली आढळले होते. पण २००३च्या मोजणीने आणखी एक गोष्ट सांगितली. एक पायरी सरकण्याच्या अवधीत चव्हाटा अनेकदा कूस बदलून घेतो. म्हणजे प्रत्येक मुक्कामावर त्याला दोन्ही मांडण्या चाचपून पाहायला सवड मिळते आणि त्या जागेच्या अक्षरांचा कल प्रत्यक्षात उतरतो.

२००७ साली याच गटांनी दुसरे बोट लावले. प्रकाशाच्या चिमट्याने चव्हाट्याची शाखा ओढायची आणि त्याच वेळी रंग पाहायचे. लावलेले बळ एका पिकोन्यूटनपेक्षाही कमी होते. एक पिकोन्यूटन म्हणजे एक ग्रॅम वजनाचा सुमारे दहा अब्जावा भाग. एवढ्याशा ओढीनेही चव्हाट्याचा कल पालटतो. तीन वेगवेगळ्या दिशांनी ओढून त्यांनी मधल्या निसटत्या स्थितीचा आकारही अनुमानाने बांधला.

रेणूंचाही स्वभाव

इथवर मी निश्चिंत होतो. सगळे रेणू सारखे, फक्त एका तालात नसलेले, एवढेच मला कळले होते. पण २०१२ साली चँगबाँग ह्यॉन, सुंगचुल होंग, डी. तिरुमलाई आणि सहकाऱ्यांचे काम प्रसिद्ध झाले आणि त्याने वेगळीच गोष्ट पुढे आणली. एकाच अक्षरक्रमाचे, एकाच नळीतून घेतलेले, एकाच पाण्यात बुडवलेले चव्हाटे त्यांनी एकेक करून पाहिले. काही भराभर उलटत होते, काही सावकाश. आणि जो सावकाश होता तो निरीक्षण संपेपर्यंत सावकाशच राहिला. सर्वांचे रोजमेळ एकत्र केले असते तर एक गुळगुळीत सरासरी आली असती आणि ती त्यांतल्या कोणाच्याच वागण्याशी जुळली नसती.

मग त्यांनी मॅग्नेशियम धुऊन काढले आणि पुन्हा घातले. तेव्हा काही रेणूंचे वागणे पालटले. त्यांनी कारण सुचवले ते असे. चव्हाट्याच्या मधोमध घडीत बारीक फरक राहून जातात. मॅग्नेशियम त्या घडीला जणू कुलूप घालते, आणि कुलूप काढल्याशिवाय घडी मोडत नाही. कपड्याची इस्त्री चुकीच्या घडीवर बसली की पाणी मारल्याशिवाय ती निघत नाही, तसेच.

मी होमिओपॅथ आहे. आमच्या अभ्यासात माणसामाणसांतील फरकावर मोठा भर असतो. व्याख्यानानंतर एका स्नेह्यांनी उत्साहाने म्हटले, "डॉक्टर, म्हणजे तुमच्या शास्त्राला पुरावाच मिळाला की!" त्यांना जे सांगितले ते इथेही नोंदवतो. नाही. या प्रयोगात कोणतेही औषध नाही आणि तो कोणत्याही औषधाविषयी काहीही सांगत नाही. दोन गोष्टींत सारखेपणा दिसला म्हणून एकीची सिद्धता दुसरीला लागू होत नाही. मी यातून घेतले ते एवढेच की सरासरी समोर आली की तिच्या आत कोण कोण आहे, ते विचारावे. आणि उलटही तेवढेच खरे. एका रेणूच्या रेघेवर या शास्त्रज्ञांनी निष्कर्ष काढला नाही. त्यांनी शेकडो रेणू पाहिले, रंगाची उघडझाप कोणती आणि खरी उलटणी कोणती हे निवडले आणि मगच लिहिले. एका रोग्याच्या अनुभवावरून सिद्धान्त सांगणाऱ्या आम्हा वैद्यांनी हेही शिकण्यासारखे आहे.

चव्हाटा उकलला नाही तर

या सगळ्याचा आपल्या घराशी काय संबंध, असे विचाराल. चव्हाटा हा वाटेतला मुक्काम आहे, तिथे कायमचे राहता येत नाही. पेशी दुभंगण्यापूर्वी दोन सुतळ्या वेगळ्या व्हाव्याच लागतात. त्यासाठी पेशीत कात्रीसारखी प्रथिने असतात. ती चव्हाट्यातले समोरासमोरचे दोन पदर कापतात. एका दिशेने कापले तर पलीकडच्या सबंध लांबीची अदलाबदल होते. दुसऱ्या दिशेने कापले तर फक्त एक लहान ठिगळ मागे राहते. चव्हाट्याचा कल कोणत्या मांडणीकडे आहे, याचा या निवडीवर परिणाम होत असावा, अशी शक्यता २००३च्या त्या निबंधात मांडली आहे. पेशीत ही प्रथिने स्वतःही चव्हाट्याला वाकवतात, त्यामुळे काचेवर दिसले ते सर्व पेशीत जसेच्या तसे घडते असे समजू नये.

चव्हाटे उकलण्याची दुसरीही एक वाट आहे. शेजारचे दोन चव्हाटे एकमेकांकडे सरकवत आणून अदलाबदल न करता सोडवायचे. माणसात हे काम करणाऱ्या प्रथिनांपैकी एक जन्मतः बिघडलेले असेल तर ब्लूम सिंड्रोम हा दुर्मीळ विकार होतो. मूल खुजे राहते, उन्हाने चेहऱ्यावर चट्टे उठतात आणि तरुण वयातच कर्करोग गाठण्याचा धोका फार वाढतो. त्याच्या पेशींत डीएनएच्या तुकड्यांची नको तितकी अदलाबदल दिसते. याउलट बीजांड तयार होताना अदलाबदल झालीच नाही किंवा भलत्या जागी झाली, तर गुणसूत्रांची जोडी नीट विलग होत नाही. २१व्या गुणसूत्राची एक प्रत जास्त असलेली डाउन सिंड्रोमची मुले आपण सर्वांनी पाहिली आहेत. त्यांतल्या काहींच्या बाबतीत मूळ कारण हेच असते. चव्हाटे फार झाले तरी दुखणे, नीट झाले नाहीत तरी दुखणे.

परवा दवाखान्यात पुन्हा एक आई आली. मोठा मुलगा हुशार, हा धाकटा सारखा आजारी. प्रश्न तोच. मी टेबलाच्या खणातून सुतळीचे दोन तुकडे काढले. व्याख्यानापासून ते तिथेच आहेत. पीळ उकलून पदर बदलून दाखवले आणि म्हणालो, "ताई, तुमच्या पोटात या दोघांची बीजे तयार होताना तुमच्या आईवडिलांच्या सुतळ्या वेगवेगळ्या जागी जोडल्या गेल्या. यात तुमचे चुकले नाही, त्याचेही नाही." ती काही बोलली नाही. तिने मुलाच्या डोक्यावरून हात फिरवला. मुलाने सुतळी मागितली आणि घरी नेली.

बाईंचा तो ७ टक्क्यांचा अहवालही मी त्याच खणात जपून ठेवला आहे. रोगी "पण" म्हणून काही सांगू लागला की आता मी लेखणी खाली ठेवतो आणि ऐकतो.